चव्वेचाळीस अंशांची नोंद

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. आजाऱ्याच्या काखेत बसणारा नव्हे. भिंतीवर टांगून खोलीचे तापमान सांगणारा. कारखान्यात मला वितळत्या बर्फात बुडवून शून्याची रेघ ओढली, तापवलेल्या पाण्यात ठेवून पन्नासाची. मधल्या एकाही अंशात माझे मत नाही.

बारा वर्षे मी शाळेच्या प्रयोगशाळेत होतो. शिक्षक म्हणत, "शंका आली तर याला विचारा, मला नको." एवढे कौतुक मला पुरले. पुढे चकाकत्या आकड्यांची यंत्रे आली आणि माझी रवानगी नगरपालिकेच्या कोठडीत झाली. परवान्याविना सीमा ओलांडून आलेल्यांना तिथे ठेवत. धरण्याचा हुकूम सरकारचा. कोळसा, घोंगड्या, डॉक्टर हा खर्च आधी गावाने करायचा आणि सरकार मागाहून भरपाई देणार. अट अशी, की खोली अठरा अंशांहून थंड नसावी. त्या हिवाळ्यात भरपाई अडली, म्हणून कोळसा नव्हता. आणि खोली थंड दिसली असती, तर भरपाई मिळणार नव्हती.

आत एक आई होती आणि तिची तीन वर्षांची मुलगी. मुलीचे ओठ निळे पडले होते. पहाऱ्यावरच्या मावशींनी मला वाचले. नऊ.

"अठरा लिहा, मावशी," हेडक्लार्क म्हणाले.

"पारा नऊवर आहे, भाऊसाहेब."

"मग चढवू की! पारा दाखवेल तेच लिहा, म्हणजे झालं."

त्यांनी वाफाळत्या चहाचा कप माझ्याखाली ठेवला आणि ते फोन घ्यायला गेले. फोन लांबला. मावशींनी पाहिले, लिहिले. परतल्यावर हेडक्लार्कांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही ठोकली.

दुसऱ्याच दिवशी सरकारी तपासनीस आले.

"चव्वेचाळीस? भर हिवाळ्यात? माणसं ठेवता की विटा भाजता?"

"ते चहाचं आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "खोलीचं हवं असेल तर आत या. स्वेटर असू द्या अंगात."

आत तपासनिसांच्या श्वासाची वाफ दिसली. मी नऊच दाखवले. त्यांनी स्वतःच्या हाताने नऊ लिहिले.

"साहेब, भरपाई बुडेल आमची!" हेडक्लार्क म्हणाले.

"आधी शेगडी पेटवा. कागदाचं मी बघतो."

संध्याकाळपर्यंत तपासनिसांच्याच कचेरीतून कोळसा आला. सकाळी मी एकोणीसवर होतो. आईने मुलीला उचलून माझ्यापाशी धरले. तिने माझा पाऱ्याचा फुगा चिमटीत पकडला आणि मी एकतीसवर गेलो. आकडे तिला वाचता येत नव्हते. पारा पळताना पाहून ती हसली.

चव्वेचाळीसचा खुलासा मात्र कुणीतरी देणे भाग होते. हेडक्लार्कांनी लिहिले, 'उपकरण सदोष'. तीच चिठ्ठी गळ्यात घेऊन मी आज अडगळीत आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण सदोष मी नव्हे. माझ्या शब्दावरही विसंबू नका. वाटीभर बर्फ आणा, मला बुडवा आणि वाचा.