खेकड्याचं चित्र

दिशाताईंच्या वर्गाला मी पहिल्यापासून नाकं मुरडत होते. चाळिशी-पन्नाशीच्या बायांना आरोग्य केंद्रात बसवायचं आणि चित्रं दाखवायची. नारळ दिसला की टाळी, खेकडा दिसला की हात मागे बांधून गप्प. याने म्हणे आठवण टिकते आणि घाईत चुकीचा निर्णय होत नाही. माझी थोरली जाऊ नीराबाई प्रत्येक खेकड्याला टाळी वाजवायची. सगळ्या हसायच्या. मला मात्र राग यायचा, कारण हल्ली घरीही ती आधी धावायची आणि सांगितलेलं विसरायची.

त्या दिवशी आम्ही दोघी कालवं काढायला कातळावर गेलो होतो. भरती लागली तशी मी मान वर केली. नीराबाईची कालवांची पाटी होती, ती नव्हती. पलीकडच्या खडकांकडे धावतच सुटणार होते, पण पाय रोवले. शेवटचं काय बोलली ती? "गुडघा दुखतोय, मी पुढं व्हते. पाटी तू आन."

किनाऱ्याकडे वळून पाहिलं, तर ती तिथेच उभी होती. पण तिने मला एकटीला कातळावर पाहिलं आणि मला न्यायला साडी खोचून सरळ चरात शिरली. कातळ आणि किनारा यांच्यामधला हा चर आधी भरतो, मधोमध माणूस बुडेल एवढा. परतायची वाट उत्तरेकडून, लांबची. ती तिला आठवलीच नाही.

"मागं फिर!" मी ओरडले. वाऱ्यात तिला ऐकू जाईना. हात हलवले, तर मी बोलावतेय असं वाटून ती आणखी घाईने निघाली. मग दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटांच्या नांग्या केल्या. उघड-मीट, उघड-मीट.

नीराबाई थांबली. तिने हात मागे बांधले.

मी लांबच्या वाटेने निघाले. तिथेही कमरेएवढं पाणी चढलेलं, त्यात पळता येत नाही. वळून पाहिलं तर ती तिथेच उभी, पाणी छातीवर आलेलं. मागे फिरायचं चित्र त्या वर्गात नव्हतंच. मी रडत, शेवाळावरून घसरत किनारा गाठला आणि तिच्याकडे पाण्यात शिरले.

तिच्या हनुवटीला पाणी लागलं होतं. दंड धरून तिला बाहेर ओढलं. हात अजून मागेच.

"कोकिळे," ती म्हणाली, "या टायमाला चुकले न्हाय ना मी?"

"न्हाय गं बाय."

तिची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकली होती, की ती मला एकेक करून सोडवावी लागली.