चाळीच्या फळ्यावरचे दोन शब्द

मित्रांनो, परळच्या एका चाळीत जिन्याखाली भिंतीला टेकून उभा असलेला काळा फळा कुणी पाहिला असेल, तर तो मी. माझा एक कोपरा उडाला आहे आणि रंगाचे पोपडे निघाले आहेत. पण एके काळी माझ्या अंगावर इतके शब्द येऊन गेले, की त्यांच्याविषयीचे माझे कुतूहल अजून संपलेले नाही.

गिरणीत यंत्रे ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्या जोडून गुणाजी सुताराने मला घडवले आणि चाळीच्या दारात, नळाच्या बाजूला टांगले. पाणी कधी येणार, कुणाची कळशी हरवली, कुणाकडे बारसे आहे, हे सारे माझ्यावर लिहिले जाई. लिहिणारी होती शैला. तिचे वडील गिरणीत होते आणि ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. तिचे अक्षर पाहून जाणारे-येणारे माझे कौतुक करत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला, तशा माझ्यावर सभा-मोर्च्यांच्या सूचना दिसू लागल्या. त्याच सुमारास शेजारच्या मीराबाई वाचायला शिकू लागल्या. चाळीतल्या पुष्कळ घरांनी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. वंदनेचे पुस्तक आपले आपण वाचावे, अशी मीराबाईंची फार इच्छा होती. दुपारी शैला माझ्यावर अक्षरे काढी आणि मीराबाई त्यांवरून हळुवार बोट फिरवत.

एके दिवशी मोर्च्यात धरपकड झाल्याची बातमी आली. लोक खवळले. शैलाने माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'परळ पेटले'. खाली बारीक अक्षरांत संध्याकाळच्या सभेची जागा लिहून ती घरात गेली. मग मीराबाई पाण्याला आल्या. कुणाच्या मदतीशिवाय त्यांनी वाचलेले ते पहिलेच वाक्य. खालची बारीक अक्षरे वाचायला त्या थांबल्याच नाहीत. कळशी तिथेच टाकून अनवाणी धावत सुटल्या. त्यांचा नवरा भिवा गिरणीत पाळीवर होता.

त्यांना हाक मारावी असे मला फार वाटले. पण जे लिहिलेले असेल, तेवढेच फळ्याला सांगता येते.

संध्याकाळी त्या भिवाचा हात धरून लंगडत परतल्या. नाक्यावरच्या पळापळीत पडून त्यांचा गुडघा फुटला होता. शैला धावत खाली आली. मीराबाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "पोरी, आग कुठं होती?"

"आग नव्हती, मावशी. माणसं चिडलीत, असं म्हणायचं होतं मला."

"मग तसं का नाही लिहिलंस?"

शैलाने घरातून हळद आणली. गुडघ्याला हळद लावता लावता ती सांगू लागली. शब्दाचा सरळ अर्थ म्हणजे वाच्यार्थ. तो जुळत नसला, की त्याच्या जवळचा दुसरा अर्थ घ्यावा लागतो, शब्दाच्या त्या शक्तीला लक्षणा म्हणतात. इथे परळ म्हणजे परळची माणसे आणि पेटणे म्हणजे संतापणे.

मीराबाई विचारात पडल्या. "सगळी चाळ सभेला गेली म्हणतात, तेव्हा चाळ तर इथंच असते. ती पण लक्षणाच का?"

"तीच."

"आणि आज नळ रुसला, असं आम्ही म्हणतो ते?"

ते निराळे, शैला म्हणाली. निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असे म्हटले, की ती चेतनगुणोक्ती. हे ऐकून मी चपापलोच. म्हणजे मी आत्ता तुमच्याशी बोलतो आहे, तीही चेतनगुणोक्तीच की!

शैलाने ते दोन शब्द पुसले आणि 'परळची माणसे संतापली आहेत' असे लिहिले. सभेला गर्दी व्हायची ती झालीच. पुढे पाण्याची वाट पाहताना नळावरच्या बायका अशीच वाक्ये शोधू लागल्या.

काही काळाने शैला शीवच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिकडेच राहायला गेली. खडू मीराबाईंकडे आला. महाराष्ट्र राज्य झाले, त्या सकाळी त्यांनी वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले, 'आज चाळ नाचते आहे'. कोकणातून नव्याने आलेली राधा एकेक अक्षर जुळवत माझ्यापुढे उभी राहिली. मीराबाई हातातले काम सोडून तिच्या शेजारी गेल्या. वाक्य संपताच राधेने दचकून वरच्या मजल्यांकडे पाहिले. मीराबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "थांब, सांगते."

मित्रांनो, आता माझ्यावर कुणी लिहीत नाही. जमले तर मला काळ्या रंगाचा एक हात द्या. मग माझ्यावर काही लिहिलेत, तर जरा वेळ तिथेच थांबा. कुणीतरी नव्याने वाचायला शिकत असेल.