पांढऱ्या चॉकलेटचं दूध

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्धामुळे जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालू होत्या. विनता तिथं पॅकिंगमध्ये होती. बोटीवर नोकरीला असलेल्या तिच्या भावानं तिला परदेशातून पांढऱ्या चॉकलेटची मोठी वडी पाठवली. तिच्या थोरल्या दिरांनी, भय्यासाहेबांनी, ती सरळ कपाटात ठेवली. "ही साहेबांच्या घरी जाईल. माझ्या बढतीचं चालू आहे," ते म्हणाले.

रविवारी सकाळी विनतानं कपाट उघडलं. शेगडीवर दूध तापत ठेवून तिनं चॉकलेट सुरीनं बारीक चिरलं. दूध उकळू न देता खाली उतरवलं आणि त्यात ते टाकून ती रवीनं घुसळत बसली.

वास आला तसे भय्यासाहेब दारात आले. "हे काहून करून राहिली तू? मी सांगितलं होतं ना?"

"माझ्या भावानं मला पाठवलं, भाऊजी. साहेबांना नाही." तिचा हात थांबला नाही. "आठवडाभर मी उभ्यानं पेट्या भरते. आज बसून पिणार."

तिनं दोन कप भरले आणि एक जावेपुढे, नंदापुढे, ठेवला. नंदा आजवर नवऱ्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, कप उचलला आणि त्यांच्यादेखत मोठा घोट घेतला.

"छान झालंय," ती म्हणाली. "अजून थोडं दे, विनता."

भय्यासाहेब बाहेर गेले. सोमवारी ते साहेबांकडे जवळच्या पनागर गावच्या मटारांची थैली घेऊन गेले.