कागदाची चुंबळ

ज्ञानूबांनी वाशीच्या मार्केटमध्ये पस्तीस वर्षं गोण्या वाहिल्या. कांदा, बटाटा, साखर, जे येईल ते. मग मणक्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, पाच किलोपर्यंत उचला. घरच्यांनी त्या पाचाचं शून्य करून टाकलं. सून तेजश्री तर कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्यांच्या हातातून काढून घ्यायची. मायेनंच घ्यायची, पण रिकाम्या हातांनी माणूस टीव्ही तरी किती वेळ बघणार?

तेजश्री बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात कारकून. एकदा मनावर घेतलं की घेतलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ती उठून म्हणाली, ओल्या कचऱ्याला काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या आता बंद करू. मक्यापासून बनवलेल्या, मातीत कुजणाऱ्या घेऊ. सेक्रेटरी उदयसिंह हसले.

"मॅडम, रविवारी सगळ्यांसमोर भरलेली पिशवी गेटपर्यंत नेऊन दाखवा. नाही गळली, तर अख्खी सोसायटी घेईल."

बोलायला सोपं होतं. पहिल्या कंपनीची पिशवी मंगळवारी लिफ्टमध्ये फाटली. चहाचा चोथा, कलिंगडाच्या साली, सगळा ऐवज उदयसिंहांच्या पांढऱ्या बुटांवर! दुसरी गुरुवारी जिनाभर ठिबकत गेली. तिसरीवर झकास हिरवं पान छापलेलं, पण ती कुजते असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेजश्रीने ती दुकानदाराला परत केली. शनिवारी संध्याकाळी पहिल्याच कंपनीचा उरलेला गठ्ठा घेऊन ती ओट्यापाशी रडवेली उभी होती.

"मामा, उद्या माझं हसं होणार."

सासऱ्यांना ती मामाच म्हणे, साताऱ्याकडच्या रीतीने. ज्ञानूबा खुर्चीतून उठले. एक पिशवी दोन्ही हातांनी ताणून पाहिली, बुडाची शिवण अंगठ्याने चाचपली. बारदान असंच तर बघायचं असतं.

"पिशवीला काय बी झालं न्हाई. भरनाऱ्याचं चुकतंय. समदं वजन एका कोपऱ्यात, आन् त्ये बी वल्लं. कुठली गोन टिकंल?"

त्यांनी जुना पेपर घेतला, पिळला, गोल वळवला आणि टोक आत खोचलं. डोक्यावर ओझं घेण्याआधी ठेवायची तसली चुंबळ. बोटं काही विसरली नव्हती.

"ही बुडाला ठिवायची. वजन बी पेलती आन् पानी बी पिती. आता तो चोथा पिळून घे बघू."

ते सांगत गेले, तेजश्री करत गेली. साली बारीक चिरल्या, भाजीचं पाणी निथळून घेतलं. किती दिवसांनी घरात कुणी त्यांचं ऐकत होतं! ज्ञानूबांना इतका आनंद झाला, की चोथा पिळायचं त्यांनी तीनदा सांगितलं.

रविवारी खाली निम्मी सोसायटी जमली. उदयसिंह आज काळे बूट घालून आले होते. तेजश्रीने पिशवीला हात घातला आणि थांबली. पत्रपेट्यांपाशी मामा उभे होते, हात पाठीमागे बांधून, पिशवीकडे डोळे लावून.

"मामा, तुम्हीच न्या."

"मी?"

"साडेतीन किलो आहे. मोजलीय मी."

ज्ञानूबा पुढे आले. गुडघ्यात वाकले. एक हात पिशवीच्या तळाला, एक गळ्याला, आणि जुन्या सवयीने ती थेट खांद्यावर गेली. "काका, शर्ट!" कुणीतरी ओरडलं. ज्ञानूबा कशाला ऐकतायत! पाठ ताठ करून ते गेटकडे असे निघाले, की वॉचमननेही बाजूला होऊन वाट दिली.

गेटवर कचऱ्याची गाडी घेऊन विमलबाई उभ्या होत्या. उदयसिंहांनी पिशवीखाली हात फिरवून पाहिला. कोरडा ठणठणीत. ज्ञानूबांचा शर्टही तसाच.

"ठरलं मग," उदयसिंह म्हणाले. "काका, ती चुंबळ सगळ्यांना शिकवाल?"

"शिकवीन की."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात तेजश्रीच्या. विमलबाईंनी पिशवी घ्यायला हात पुढे केले, पण ज्ञानूबांनी ती दिली नाही. स्वतःच गाडीत ठेवली, नीट, तळाला हात देऊन. मग रिकामे हात झाडत ते जमलेल्या माणसांकडे वळले.

"आजून कुनाची हाय का?"