न लिहिलेला शब्द

तो एक शब्द कोणीतरी भर चर्चमध्ये मोठ्याने म्हणावा, एवढंच ओस्लाला हवं होतं. तो ऐकला की पाद्री आपल्याला सोडतील, याची तिला खात्री होती.

शेटलँडच्या त्या किनाऱ्यावर होडी पाण्याला लागली की काही नावं कोणी घेत नसे. मांजराला ‘पावलंवाली’ म्हणायचं, पाद्र्याला ‘उभा माणूस’. खरं नाव घेतलं तर समुद्र उठतो. ओस्लाला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी मार्चमधल्या त्या सकाळी, निघालेल्या होडीला तिने वाळूवरून हाक मारली आणि घाईत नको ते नाव तोंडातून गेलं. होडी थांबली नाही. दुपारी ती उलटली. सहाजणांतले पाच बुडाले, वाचला तो तिचा दीर निनियन. चेटकाचा आरोपही त्यानेच केला.

चर्चमध्ये चौकशीला पाद्री वॉल्टर खुर्चीत बसले होते, शेजारी कारकून. पहिल्या बाकावर पाच विधवा. शेजारीण ब्रेटाने सांगून टाकलं होतं, की होडी बुडाल्यापासून ओस्लाची गाय दुप्पट दूध देते. कोणीतरी म्हणालं, हिच्या नवऱ्याने मागेच मरून सुटका करून घेतली. बायका हसल्या.

“ती नेमकं काय म्हणाली?” पाद्र्यांनी विचारलं.

“वाईट बोलली,” निनियन म्हणाला.

“शब्द सांग.”

“उद्या होडी काढायचीय. मी नाही सांगत.”

पाद्र्यांनी एकेका साक्षीदाराला उभं केलं. किनाऱ्यावरून ऐकलं सगळ्यांनी होतं, सांगायला कोणी तयार नव्हता. पाद्री वैतागले. शब्दच नसेल तर आरोप कसला, असं ते म्हणाले तेव्हा ओस्लाला धीर आला. आपणच बोललो तर पुन्हा चेटूक केलं म्हणतील, या भीतीने ती इतका वेळ गप्प होती.

“मी सांगते,” ती म्हणाली. “‘थांबा, पाद्री बोलावतायत.’ एवढंच म्हणाले. खडकावरून हात केलात तो तुम्हीच ना? खाडीपलीकडे बाळाचा बाप्तिस्मा होता, तुम्हाला जायचं होतं. होडी थांबव, असं तुम्हीच ओरडून सांगितलंत.”

पुरुषांचे हात कमरेच्या सुऱ्यांकडे गेले, अपशकुन टळावा म्हणून लोखंडाला लागले. एक म्हातारा थुंकला. मग पाचही विधवांनी ओस्लावरची नजर काढून पाद्र्यांवर नेली.

पाद्र्यांना ते दिसलं. 

“त्या सकाळी मी घरीच होतो,” ते म्हणाले. मग कारकुनाकडे वळले. “लिही. आरोपीने होडीवर दुष्ट शब्द टाकला, आणि आज चर्चमध्ये तो पुन्हा उच्चारला.”

“कोणता शब्द?” कारकुनाने विचारलं.

“तो लिहायची गरज नाही.”

“लिहा ना,” ओस्ला म्हणाली. “तुमचंच तर नाव आहे.”

कारकुनाने लेखणी पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तिला स्कॅलोवेला न्यायचं ठरलं. तिथले न्यायाधीश कागद वाचतात, आणि असा कागद आला की बाई टेकडीवर जाळली जाते, हे साऱ्या गावाला माहीत होतं. ओस्लालाही.

सकाळी तिचे हात बांधून, तोंडावर फडकं आवळून तिला होडीत बसवलं. पाद्री लांब डगला सावरत पाण्यापर्यंत आले. निनियनने वल्हं आडवं धरलं.

“तुम्ही डोंगरावरून या.”

“चेटकीण चालते आणि मी चालत नाही?”

“हिचं तोंड बांधता येतं,” निनियन म्हणाला. “तुमचं नाव कशाने बांधणार?”

होडीतले सगळे हसले. पाद्री लाल झाले, पण पुढे सरकले नाहीत. त्यांनी घडी घातलेला कागद निनियनच्या हातात दिला. निनियनला वाचता येत नव्हतं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला, खिशात घालायच्या आधी थांबला.

“ते नाव नाही ना यात?”

“नाही,” पाद्री म्हणाले.

निनियनने कागद खिशात घातला आणि होडी ढकलली. वल्ही मारणाऱ्यांची तोंडं किनाऱ्याकडे होती. उभा माणूस दिसू नये म्हणून खाडीबाहेर पडेपर्यंत सगळ्यांनी माना खाली घातल्या. ओस्लाची पाठ किनाऱ्याकडे होती. तिच्यासमोर फक्त त्यांच्या टोप्या होत्या.