पडले की पाडलं

नझारो बावीस वर्षं किनाऱ्यावरच्या एका छोट्या कोर्टात दुभाषी होता. लोक स्वाहिलीत बोलायचे, कागद इंग्रजीत व्हायचे, आणि मधला सगळा रस्ता नझारोच्या तोंडातून जायचा. त्याआधी तो शाळेत शिकवायचा, म्हणून वकिलांपासून शिपायापर्यंत सगळे त्याला मास्तरच म्हणत.

मारामारीच्या खटल्यांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. स्वाहिलीत 'चोमा' म्हणजे भाजणंही आणि भोसकणंही. एका नवख्या दुभाष्याने 'सुऱ्याने भोसकलं' याचं इंग्रजीत 'सुऱ्याने भाजलं' करून टाकलं होतं आणि आरोपी हसत हसत घरी गेला होता. तेव्हापासून असे खटले नझारोकडेच यायचे. मुरगळला, ठेचला, खरचटला, धडपडला, भेलकांडला, प्रत्येकाला त्याच्यापाशी नेमकं इंग्रजी क्रियापद तयार असायचं.

"आज वकील 'ढकललं' म्हणत होता," तो जेवताना बायकोला सांगायचा. "मी म्हटलं, साहेब, बाई 'हिसका दिला' म्हणतेय. दोन्ही एक नाही."

उमाझी त्याच्या ताटात सिमाचा, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाचा, गरम गोळा टाकत म्हणायची, "जिला लागलं तिला विचारलंत का, एक आहे की दोन?"

सिदी त्यांच्या शेजारची. लहानपणी नझारोच्या वर्गात बसायची, तेव्हापासून त्याला काका म्हणायची. नवरा मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. पदरात दोन मुली. ती मिठागरात टोपल्या वाहायला जायची. तिथला मुकादम तोया. अर्ध्या गावाची चूल त्याच्या मर्जीवर पेटायची, म्हणून त्याला कोणी उलटून बोलत नसे. एक दिवस त्याने सिदीला दोन टोपल्या एकदम उचलायला सांगितल्या. ती म्हणाली, "एक माझी, एक तुमची. चला." बायका हसल्या. तोयाने दोन्ही हात तिच्या छातीवर ठेवून तिला बांधावरून खाली लोटलं. खाली दगडी मोरी होती. उजव्या कोपराचा चुरा झाला.

तिसऱ्या दिवशी नझारो केळी घेऊन दवाखान्यात गेला. जबाब घ्यायला कॉन्स्टेबल किप्रोनो येऊन बसला होता. तो डोंगराकडचा, नुकताच बदलून आलेला. किनाऱ्याची झरझर स्वाहिली त्याच्या कानात शिरत नव्हती.

"बरे आलात, मास्तर. तुम्हीच इंग्रजीत लिहून द्या, म्हणजे माझ्या चुका तरी निघायच्या नाहीत."

खाटेच्या पायथ्याशी तोया उभा होता. संत्र्यांची पिशवी घेऊन आला होता आणि एक संत्रं सावकाश सोलत होता.

"काय झालं, सिदी?" नझारोने विचारलं.

सिदी छताकडे बघत म्हणाली, "निलिआंगुका." पडले.

"कशी पडलीस?"

"पडले, काका. बांध ओला होता."

तिची नजर एकदा तोयाच्या हातांवर जाऊन परत आली. नझारोला ते दिसलं. त्याने लिहिलं, 'मी पडले', आणि खाली भाषांतरकार म्हणून सही केली.

कॉन्स्टेबल कागद घेऊन निघाला, तोया हात धुवायला गेला. सिदीने डाव्या हाताने नझारोचं मनगट धरलं.

"काका, पडले नाही मी. त्याने पाडलं. तो समोर उभा होता, मी काय बोलणार?"

"कागद तर गेला," नझारो म्हणाला. "कोर्टात खरं सांग. मी आहे ना तिथे."

दवाखान्यातून सुटल्यावर सिदीने चौकीत जाऊन तोयाविरुद्ध तक्रार दिली, आणि पाच महिन्यांनी खटला उभा राहिला. सिदीचा हात वाकडाच जुळला होता, केसांपर्यंत जात नव्हता. टोपल्या वाहणाऱ्या बायकांपैकी एकही साक्षीला आली नाही. मागच्या बाकांवर बसल्या मात्र सगळ्या. सिदी पिंजऱ्यात उभी राहिली आणि खणखणीत म्हणाली, "निलिआंगुश्वा." मला पाडलं. शब्दाची एक शेपटी तेवढी बदलली. नझारोने इंग्रजीत असं चपखल क्रियापद दिलं की धक्का बसल्याचा आवाजच यावा.

तोयाचा वकील उठला. हातात दवाखान्यातला कागद.

"इथे तर बाई म्हणतात, मी पडले. खाली सही मास्तरांची आहे. मास्तरांच्या सहीवर या कोर्टात आजवर कोणी शंका घेतलेली नाही."

मॅजिस्ट्रेट बाईंनी कागद मागून घेऊन वाचला. मग चष्मा काढून इंग्रजीत म्हणाल्या, "मास्तर, दोन शब्दांत फरक किती थोडा आहे. बाई दुखण्यात होती, आवाज खोल गेला असेल. तुमच्या ऐकण्यात चूक झाली असण्याची शक्यता आहे का?"

बाईंनी सिदीसाठी वाट उघडून दिली होती हे नझारोला कळलं. 'असू शकेल,' एवढं म्हटलं असतं तरी पुरत होतं. पण वकील ओठ दाबून वाट बघत होता. दारात दोन नवे कारकून उभे होते, त्यांना तोच शिकवत होता. बावीस वर्षांत त्याचा एकही कागद चुकला म्हणून परत आला नव्हता.

"नाही, बाईसाहेब," तो म्हणाला. "ती 'पडले' असंच म्हणाली. माझ्या ऐकण्यात चूक होत नाही."

बोलण्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

सिदीला इंग्रजी येत नव्हतं. "काय विचारलं बाईंनी, काका? तुम्ही काय सांगितलंत?"

नियमाप्रमाणे ते तिला सांगणं त्याचंच काम होतं. त्याने सांगितलं, प्रश्नही आणि उत्तरही, शब्दाला शब्द. तशी स्वाहिली सोडून सिदी एकदम गिर्यामात, घरच्या भाषेत बोलली.

"आणि तो हात धुवायला गेल्यावर मी काय म्हटलं? ते नाही सांगितलंत? तुम्हीच म्हणालात ना, मी आहे म्हणून?"

मागच्या बाकांवर चुळबूळ झाली. मॅजिस्ट्रेट बाईंना गिर्यामा येत नव्हती.

"काय म्हणतेय ती?"

नझारो म्हणाला, "विशेष काही नाही, बाईसाहेब. रडतेय."

सिदी रडत नव्हती. बाईंनी एकदा तिच्या कोरड्या डोळ्यांकडे पाहिलं, एकदा नझारोकडे, आणि लिहायला लागल्या. तोया दुपारच्या आत सुटला. निकालात दुभाष्याच्या अचूकपणाचा खास उल्लेख होता, आणि दोन्ही कारकुनांनी तो वाचून त्याच्याशी हात मिळवला.

संध्याकाळी तोयाने एक मोठा ताजा मासा पाठवला. उमाझीने काही न विचारता तो साफ केला, नारळाच्या दुधात शिजवला आणि सगळाच्या सगळा नवऱ्यापुढे ठेवला. स्वतःसाठी काढलाच नाही. एका भांड्यात नुसता सिमा आणि पालेभाजी भरली आणि पायात चपला सरकवल्या.

"तू नाही जेवत?"

"सिदीकडे जेवते. तिला डाव्या हाताने ढवळता येत नाही."

"मी खोटं काही बोललो नाही, उमाझी. ती आधी तसंच म्हणाली होती. वाटल्यास कॉन्स्टेबलला विचार."

"मागच्या बाकावर आमच्याच बायका होत्या हो," उमाझी म्हणाली. "त्यांना गिर्यामा येते."

ती गेली. नझारो ताटासमोर बसून राहिला. बाहेर शेजारच्या अंगणात मुलींचा आणि उमाझीचा आवाज येत होता, सिदीचा येत नव्हता. मासा चांगला होता. त्याने काटे बाजूला काढत तो सगळा खाल्ला.