फुग्यावरचा हात

आमच्या दुकानात परीक्षा एकच, ती फुग्याची. वडिलांनी आम्हा दोघा भावांना न्हाव्याचं काम शिकवलं ते असंच. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने उतरवायचा. फुगा फुटला, तर गिऱ्हाइकाच्या गालाला हात लावायचा नाही. दादा पहिल्याच दिवशी पास झाला. मी इतके फुगे फोडले की वडील म्हणाले, "तू आपला फुग्यांचंच दुकान काढ."

त्याच दादाचा हात थरथरायला लागला. जेवायचा दोन माणसांचं आणि वाळत चालला होता. पंख्याखाली बसून घामाघूम, डोळे बाहेर आल्यासारखे. गिऱ्हाइकं हळूच माझ्या खुर्चीकडे सरकायची आणि बाहेर पडल्यावर बाटलीची खूण करायची. माझं डोकं फिरायचं. दादा आयुष्यात कधी थेंबाला शिवला नाही! पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? आमचा दिवसभर तोच धंदा, तरी ती बंद होत नाहीत.

शेवटी वहिनीने त्याला दवाखान्यात ओढून नेलं. मीही गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गळ्यावर बोटं ठेवून आवंढा गिळायला सांगितलं, रक्त तपासलं.

"थायरॉईड," त्या म्हणाल्या. "गळ्यातली ही ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय."

"कशामुळे?" मी विचारलं.

"रोगापासून राखण करणारी शरीराची ताकदच तिला डिवचतेय. कुंपणानंच शेत खावं तसं. गोळ्या आहेत. पण वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतील. बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत."

वहिनीचा थायरॉईड उलटा, सुस्त. ती कित्येक वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेते. घरी येताना दादा हसून म्हणाला, "घरात एकीची गाडी सुटत नाही, दुसऱ्याची थांबत नाही."

गोळ्या लागू पडल्या. दोन-अडीच महिन्यांत अंगावर मांस आलं, घाम थांबला. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी दादाने फुगा फुगवला, फेस लावला आणि झरझर उतरवला. फुगा शाबूत! त्याने तो आरशापाशी टांगला आणि त्याच दिवसापासून गोळ्या बंद केल्या.

"अहो, मी नाही का रोज घेत?" वहिनी कळवळून म्हणाली.

"तुझं वेगळं. माझा हात बरा झालाय. फुगा खोटं बोलतो का?"

मी ओरडलो, विनवण्या केल्या, शेवटी त्याच्या पाया पडलो. पण फुग्यापुढे आमच्या घरात कुणाचंच चाललेलं नाही.

हळूहळू सगळं परत आलं, व्याजासकट. एक दिवस छाती इतकी धडधडायला लागली की त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "गोळ्या पुन्हा पहिल्यापासून. नाहीच जमलं तर किरणोत्सारी आयोडीन देऊन ग्रंथी निकामी करायची, नाहीतर ऑपरेशन. त्यानंतर बहुतेक वहिनींसारखी जन्मभर गोळी."

दादाने एवढंच विचारलं, "हात कधी थांबेल?"

"कमी होईल. कधी, ते आत्ता सांगता येत नाही."

मला रडू फुटलं. पाय मोडला असता तर त्याला पाठीवर घेऊन फिरलो असतो. हात कसा उसना द्यायचा?

आता तो दुकान झाडतो, पाणी भरतो, फेस लावतो. फेसाला थरथर चालते.

काल मास्तर आले. जुनं गिऱ्हाईक, लोक काहीही बोलले तरी दादाची खुर्ची न सोडलेलं. बसले, मान मागे टाकली, डोळे मिटले. दादाने निगुतीने फेस लावला. मग वस्तरा माझ्या हातात दिला आणि आवाज न करता बाजूला झाला. मी श्वास रोखून दाढी करू लागलो.

"हात मात्र तुझाच, बाबा," मास्तर डोळे मिटूनच म्हणाले. "धाकट्याला हे जन्मात जमायचं नाही."

मी थांबलो. दादाने ब्रश धरलेला हात दुसऱ्या हाताने दाबून धरला होता. चालू ठेव, अशी त्याने मानेनेच मला खूण केली आणि माझ्या पाठीमागून म्हणाला,

"मास्तर, हनुवटी जरा वर."